खेळता येतं, शिकवता येत नाही. पीके बॅनर्जींबद्दल कुणी नीट सांगेल का?

मिरजकर_सात

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

मी मिरजेचा, वय ३४. शाळेपासून फुटबॉल खेळलो, राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करायची. कोल्हापूरच्या एका पेठेच्या संघाकडून तीन हंगाम शाहू स्टेडियमवर उतरलो. दोन वर्षांपूर्वी वळताना गुडघा फिरला, लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. आता चालतो, सरळ पळतो, पण विंगरचा गुडघा काही राहिला नाही. जूनपासून मंडळानं तेरा ते पंधरा वयाची बावीस पोरं माझ्या हाती दिलीत. रोज सकाळी सहा ते आठ.

अडचण अशी की मला जे पायानं येतं ते तोंडानं सांगता येत नाही. लाइनजवळ बॉल घ्यायचा, समोरच्याला आत ओढायचं आणि बाहेरून निघायचं, हे मी इतकी वर्षं विचार न करता केलं. पोरांना करून दाखवतो. ती बघतात, मान हलवतात आणि पुन्हा तीच चूक करतात. मग माझा आवाज चढतो. गेल्या रविवारी तासगावच्या पोरांबरोबर मैत्रीचा सामना होता, ०-४ हरलो. हाफटाइमला मी जे बोललो ते आठवलं की रात्री झोप लागत नाही. सोमवारी दोन पोरं आलीच नाहीत. गोलकीपर येतो, पण माझ्याशी एक शब्द बोलत नाही.

वडिलांचे एक मित्र म्हणाले, "पी. के. बॅनर्जींचं वाच. मोठा खेळाडू, आणि त्याहून मोठा कोच." नेटवर पदकं आणि तारखा मिळाल्या. मला हवंय ते वेगळं आहे. खेळणारा माणूस शिकवणारा कसा झाला? पोरांशी काय बोलायचा? पंधरा दिवसांनी आमची स्पर्धा आहे.

रेल्वे_कॉलनी

मीही मिरजेचाच, वडील रेल्वेत गार्ड होते. आमच्या घरात पीकेंचं नाव 'आपला रेल्वेवाला' म्हणूनच घेतलं जायचं.

पूर्ण नाव प्रदीप कुमार बॅनर्जी. जन्म १९३६, जलपायगुडीचा. वाढले जमशेदपुरात. १९५४ ला कोलकात्यात आर्यन क्लबकडून खेळले आणि १९५५ पासून ईस्टर्न रेल्वे. मग खेळणं थांबेपर्यंत रेल्वेच. कोलकात्यात सगळा मान मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहामेडन या तिघांना. त्यांना मागं टाकून १९५८ ला रेल्वेनं कोलकाता लीग जिंकली. या तिघांबाहेरच्या संघानं ती पुन्हा जिंकायला २०१९ उजाडलं, पीअरलेसनं जिंकली. एकसष्ट वर्षं लागली. वडील हे सांगताना दरवेळी उठून उभे राहायचे.

१९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या संघात ते होते. १९६० ला रोममध्ये कर्णधार, फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली तो गोल त्यांचा. अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला, फुटबॉलमधला पहिला त्यांनाच. दुखापतींनी १९६७ ला खेळ थांबला, तेव्हा वय ३१. तुमच्यापेक्षा लहान होते.

माझ्या मनात एक गोष्ट कायम राहिली आहे. ज्या दोन क्लबांचे कोच म्हणून ते नावाजले, त्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्हींचा शर्ट त्यांनी खेळाडू म्हणून कधी घातला नाही. बाहेरून आलेला माणूस दोन्ही घरांत वडीलधारा झाला.

विट्याचा_गलाईवाला

बाळा, तू माझ्या धाकट्या पोराच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो.

माझं गाव विट्याजवळ. ७२ च्या दुष्काळानं आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. मी १९७३ ला, चौदाव्या वर्षी, मामाबरोबर कोलकात्याला गेलो. बहूबाजारात एका बोळात भट्टी. सोनारांकडचं जुनं, भेसळीचं सोनं आणि दुकानातली झाडलोट आमच्याकडं यायची. गाळायचं, तेजाबात घालायचं, शुद्ध करून द्यायचं. २००१ पर्यंत तिथंच होतो. फुटबॉल मला ठाऊक नव्हता. आमच्याकडं कुस्ती.

समोरच्या ओट्यावर दोन बंगाली कारागीर बसायचे. एक पूर्वेकडून आलेला, म्हणजे बांगाल, तो ईस्ट बंगालचा. दुसरा घोटी, म्हणजे मूळचा पश्चिम बंगालचा, तो मोहन बागानचा, त्याला आम्ही दादा म्हणायचो. ईस्ट बंगाल जिंकलं की बोळात इलिश मासा शिजायचा, मोहन बागान जिंकलं की चिंगडी, म्हणजे कोळंबी. माळकरी घरातलं पोर मी, त्या वासावरून निकाल ओळखायला शिकलो.

३० सप्टेंबर १९७५. आयएफए शील्ड या मोठ्या स्पर्धेची फायनल, ईस्ट बंगाल पाच, मोहन बागान शून्य. रेडिओपुढं माणसं दाटली होती. तिसऱ्या गोलनंतर दादा उठून गेला, तो दोन दिवस ओट्यावर आला नाही. त्या ईस्ट बंगालचे कोच पीके. १९७२ पासून संघ त्यांच्या हातात होता. ७२ ची लीग तर त्यांनी एकही गोल न खाता जिंकली होती.

आणि पुढच्या वर्षी पीके मोहन बागानला गेले. मला वाटलं, दादा आता शिव्या घालणार. पहिल्याच दिवशी ओट्यावर बसून म्हणाला, "आता प्रदीपदा आमचे." सोळा-सतरा वर्षांचा मी, मला हे कळेना. ज्यानं पाच गोल घातले तो आपला कसा?

७७ ला कळलं. २४ सप्टेंबर, ईडन गार्डन्स, पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉसकडून मोहन बागानविरुद्ध खेळायला आला होता. आठवड्यानं तो शेवटचा सामना खेळून बूट ठेवणार होता. आधी पाऊस होऊन गेलेला, मैदान चिखलाचं. दादाकडं तिकीट होतं, माझ्याकडं नव्हतं. रात्री तो चिखलानं भरलेल्या पायांनी आमच्या भट्टीपाशी येऊन बसला आणि तासभर बोलत राहिला. गौतम सरकार पेलेला कसा चिकटून होता, श्याम थापानं गोल कसा मारला, हबीबनं दुसरा मारला तेव्हा शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानं त्याला कसं मिठीत घेतलं. आपण २-१ नं पुढं होतो, मग त्यांना पेनल्टी मिळाली आणि २-२. दादा म्हणाला, "आमची पोरं पेलेला घाबरली नाहीत. प्रदीपदानं घाबरू दिलं नाही." त्या वर्षी लीग हातची गेली होती, पण शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स, तिन्ही कप मोहन बागानला.

पीकेंच्या त्या बोलण्याला कोलकात्यात 'व्होकल टॉनिक' म्हणतात. तोंडानं पाजायचं औषध. १९९७ ला त्याचा परिणाम मी डोळ्यांनी बघितला. फेडरेशन कपची सेमीफायनल, १३ जुलै, सॉल्ट लेक स्टेडियम. माणसं एक लाख एकतीस हजार. आपल्याकडच्या जत्रेतल्या माणसाला गर्दीचं काय अप्रूप, पण सगळ्यांनी एकदम श्वास घेतलेला मी तिथंच ऐकला. पीके पुन्हा ईस्ट बंगालला होते, वय ६१. समोर मोहन बागानचे कोच अमल दत्त, त्यांचीही कमाल, 'डायमंड' नावाची नवी मांडणी त्यांनी आणली होती आणि सगळं शहर तेच बोलत होतं. दत्तांनी आदल्या आठवड्यात ईस्ट बंगालच्या पोरांना नावं ठेवली. बायचुंग भूतियाला चुंगचुंग, ओमोलोला ऑम्लेट, सोसोला शोशा, म्हणजे काकडी. पेपरांनी ती छापली. पीकेंनी तेच शब्द पोरांच्या मनात पेटवले. भूतिया तेव्हा वीस वर्षांचा, सिक्कीमचा शांत पोरगा. त्यानं तीन गोल मारले. एक नझिमुल हकचा, त्यांच्याकडून एक चिमाचा. ४-१.

आता तू म्हणशील, मग मीही पोरांना पेटवतो. थांब. हाफटाइमला तू पेटवायलाच गेला होतास ना? ज्यांच्यावर ओरडलास त्यातल्या किती पोरांच्या घरचं तुला ठाऊक आहे? पीके ज्याच्या हाताखाली घडले ते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक. १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी ०-२ हरले. फायनलला तोच कोरिया. सगळं स्टेडियम भारताच्या विरोधात. जर्नैल सिंगच्या डोक्याला टाके, गोलकीपर थंगराज आजारातून उठलेला. शिक्षक माणसानं काय केलं? जर्नैल बचावातला गडी, त्याला पुढं खेळवला. पहिला गोल पीकेंचा, दुसरा त्या टाक्यांसकट खेळणाऱ्या जर्नैलचा. २-१, सुवर्ण. रहीमसाहेबांना तेव्हा कॅन्सर होता, पुढच्या जूनमध्ये गेले. पीके सव्वीस वर्षांचे होते. कोणता माणूस कधी कुठं उभा करायचा हे त्यांनी तिथं बघितलंय. बोलणं त्याच्या नंतरचं.

माझं सांगतो. तेजाबात भेसळीचं सोनं घातलं की तपकिरी धूर निघतो. मामा ओरडायचे, "धूर बघ!" मी धूर बघायचो. धुरात काय बघायचं हे मामांना सांगता यायचं नाही, कारण त्यांच्या डोळ्याला ते आपोआप दिसायचं. दोनदा मी घाईनं तेजाब ओतून टाकलं, माल कच्चा राहिला, मार खाल्ला. मग आटपाडीकडचा एक म्हातारा गडी आमच्याकडं आला. त्यानं मला शेजारी बसवलं आणि विचारलं, "आता काय दिसतंय?" म्हटलं, धूर. थोड्या वेळानं, "आता?" म्हटलं, कमी झाला. "आता?" म्हटलं, बंद झाला, तळाला काळपट भुकटी आहे. म्हणाला, "ते सोनं. चांदी पाण्यात गेली." तिसऱ्या दिवशी मी एकटा करायला लागलो. त्यानं मला काहीच करून दाखवलं नव्हतं.

तू दाखवतोस, पोरं बघतात. त्यांना काय दिसलं हे विचारलंस का?

आणखी एक. त्या ९७ च्या स्पर्धेची फायनल ईस्ट बंगाल गोव्याच्या साळगावकर क्लबकडून हरलं, १-२. टॉनिक एका सामन्यापुरतं असतं. रोजची भाकरी वेगळी.

पीके २० मार्च २०२० ला गेले. दुकानं बंद व्हायचे दिवस होते ते. मी विट्यात, दादा कोलकात्यात, वय ऐंशीच्या पुढं. त्याचा फोन आला. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. मग म्हणाला, "प्रदीपदा गेले रे." ठेवला.

सांगलीची_पीटी_टीचर

काकांचं वाचून डोळे भरून आले. तरी एक बाजू मांडते, कारण प्रश्न विचारणाऱ्या दादांना ती उद्या सकाळी लागणार आहे.

पीकेंचं नाव निघालं की सगळे टॉनिकवर येतात. त्यानं त्यांच्या अभ्यासावर अन्याय होतो. खेळ थांबल्यावर ते १९६९ ला जपानला गेले, जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रेमर यांच्या हाताखाली फिफाचा प्रशिक्षणाचा कोर्स केला. ऑलिंपिकचा कर्णधार पुन्हा वही घेऊन विद्यार्थी म्हणून बसला. पुढच्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताला कांस्य, प्रशिक्षकांमध्ये पीके. त्यानंतर आजवर पुरुष फुटबॉलमध्ये आपल्याला आशियाई पदक मिळालेलं नाही. १९८२ ला दिल्लीत, घरच्या प्रेक्षकांपुढं, त्यांचाच संघ उपांत्यपूर्व फेरीत सौदीकडून ०-१ हरला. बोलणं तेव्हाही तेच असणार. पुढं १९९१ पासून ते जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत होते, म्हणजे तुमच्यासारखेच लहान पोरांत. त्यांचा वाढदिवस, २३ जून, आता फुटबॉल महासंघ ग्रासरूट्स दिवस म्हणून पाळतो, आणि मला त्यांची ती ओळख सगळ्यात मोठी वाटते.

मी मुलींना शिकवते, अकरा वर्षं झाली. तुम्हाला जे होतंय ते मलाही झालं होतं. मी खो-खो खेळायचे, माझा पोल डाइव्ह मला सांगता यायचा नाही. मग काय केलं ते लिहिते.

बावीस पोरांना एका रांगेत उभं करून दाखवू नका. चार-चारचे छोटे सामने लावा, मैदान अरुंद ठेवा, बाजूला शंकू लावून दोन पट्ट्या आखा. पट्टीत बॉल घेऊन शिरला की त्या पोराला कुणी अडवायचं नाही, असा नियम करा. दोन दिवसांनी एका बचाववाल्याला अडवायची परवानगी द्या. तुमची ती चाल पोरं आपोआप शोधू लागतील. ज्याला जमली त्याच्याकडून इतरांना सांगून घ्या. पोराचं पोराला लवकर कळतं.

करून दाखवायचंच असेल तर चालत दाखवा, पळत नको. तुमचा गुडघाही वाचेल. आणि एका वेळी एकच गोष्ट. "बचाववाल्याच्या पुढच्या पायाकडं बघ", बस्स. बॉलवरचा स्पर्श, खांदा, वेग, हे सगळं त्या दिवशी सोडून द्या.

हाफटाइमला पहिली दोन मिनिटं तुम्ही काही बोलायचं नाही. त्यांना पाणी पिऊ द्या. मग काका म्हणतात तो प्रश्न.

आणि महासंघाचा डी लायसन्सचा, म्हणजे प्रशिक्षकाच्या परवान्याचा, कोर्स करा. पीकेंनी केला, मग आपल्याला कसली लाज?

मिरजकर_सात

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितोय कारण आधी करून बघायचं होतं.

मंगळवारी सरावानंतर गोलकीपरला थांबवलं. म्हटलं, रविवारी चार गोल गेले, तुला काय दिसलं? तो बराच वेळ ग्लोव्हजचा पट्टा काढत-लावत राहिला. मग म्हणाला, "सर, तीन गोल एकाच बाजूनं आले. आपला लेफ्ट बॅक बॉलकडं बघत उभा राहतो, त्याच्या मागून त्यांचा गडी येतो. मी ओरडत होतो. तुम्ही पण ओरडत होता, मग माझा आवाज त्याला गेला नाही."

मी लाइनवर उभा राहून हे बघितलं नव्हतं. चौदा वर्षांच्या पोरानं बघितलं होतं.

तो मालगावहून सायकलनं येतो, हे मला त्या दिवशी कळलं. साडेचारला उठतो. वडील उसाच्या ट्रॅक्टरवर, हंगामात घरी नसतात. रोज काही न खाता येतो. बुधवारपासून मी केळी आणि शेंगदाणे घेऊन जातोय, सगळ्यांसाठी.

ताई, पट्ट्यांचा खेळ लावला. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. दुसऱ्या दिवशी एका पोरानं ती चाल केली, अगदी माझ्यासारखी नाही, थोडी वेगळीच, डाव्या पायानं. त्याला विचारलं कशी केलीस, तर म्हणाला, "तो माझ्याकडं बघत होता, म्हणून मी दुसरीकडं बघितलं." मी सतरा वर्षं हेच करत होतो आणि मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

न येणाऱ्या दोघांच्या घरी गेलो. एक परत आला. दुसऱ्यानं क्लास लावलाय, त्याच्या आईनं चहा दिला, तो स्वतः बाहेर आला नाही. मी त्याच्यासाठी "त्या दिवशी माझं चुकलं" एवढं सांगून आलो.

रेल्वे कॉलनीवाले दादा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. तुमचं 'दोन्ही घरांत वडीलधारा' वाचून पोरांना पीकेंची गोष्ट सांगितली. जर्नैल सिंगच्या टाक्यांशी सगळे गप्प झाले. गोलकीपरनं विचारलं, थंगराज किती उंच होते?

काका, पहिला सामना रविवारी सकाळी नऊला आहे, मिरजेतच. तुम्ही आलात तर पोरांना फार बरं वाटेल. मलाही.

विट्याचा_गलाईवाला

येतो. सकाळची एसटी धरतो, सांगलीत बदलतो, साडेआठपर्यंत पोहोचेन. मला घ्यायला येऊ नकोस, तू पोरांपाशी थांब.

माझ्या घरी दादानं पाठवलेला ७७ च्या पेपरचा तुकडा आहे, पिवळा पडलाय, त्यात पेलेच्या मागं गौतम सरकार दिसतो. पोरांना दाखवायला आणतो. गोलकीपरला म्हणावं, थंगराज चांगला सहा फुटांच्या वर होता, पण त्या फायनलला तो तापातून उठून उभा राहिला होता.

आणि त्या दिवशी लेफ्ट बॅकला माझ्याशेजारी बसवू नकोस, त्याला खेळव.